फ्लश गळतोय? आधी पाणी कुठून जातंय ते पाहा

कमोडच्या आतल्या मागच्या उतारावर बोटभर रुंदीची एक ओली पट्टी असते. टॉर्च तिरका धरला की तिच्यातलं पाणी खाली सरकताना चकाकतं. आवाज होत नाही आणि फरशी कोरडीच राहते, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वर्तमानपत्राचा कोरडा कपटा त्या पट्टीवर टेकवा. कपटा लगेच भिजला आणि शेवटचा फ्लश करून अर्धा तास झाला असेल, तर टाकी गळते आहे असं समजा.

किती गळते, हेही घरीच मोजता येतं. टाकीचं झाकण काढायचं, पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला पेन्सिलीने रेघ मारायची, अँगल कॉक बंद करायचा आणि तासाभराने पाहायचं. टाकी आतून 40 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे 600 मिलिलिटर पाणी गेलं. तासाला चार सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या एका माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. एका माणसाचं पिण्याचं, अंघोळीचं, धुण्याभांड्याचं सगळं पाणी रोज त्या पट्टीतून वाहून जातं. वर्षाचा हिशेब एकवीस हजार लिटरवर जातो, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं.

तुळजापुरात या हिशेबाला वजन आहे. बालाघाटच्या माथ्यावरचं हे गाव, खाली काळा पाषाण, आणि पाणी मुरायला जागा बेताची. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. त्या पहिल्या गाडीच्या दहा वॅगनमध्ये साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. वर सांगितल्यासारखे पंचवीस फ्लश वर्षभर गळत राहिले तर तेवढं पाणी जातं. मंदिराच्या आसपास लॉज, भक्तनिवास आणि भाविक उतरतात ती पुजाऱ्यांची घरं किती आहेत हे पाहिलं, तर पंचवीस गळके फ्लश ही काही अशक्य गोष्ट नाही.

फ्लश बिघडला की आपण दोन टोकांना जातो. एक तर प्लंबरला फोन करतो आणि तो येईपर्यंत चार दिवस वाट पाहतो, नाही तर दुकानात जाऊन अख्खा सेट घेऊन येतो. दोन्ही करण्याआधी झाकण उचलून पाच मिनिटं आत पाहायला हवं. टाकीतलं पाणी नळाचंच असतं, त्यात हात घालायला किळस वाटण्याचं कारण नाही. आतले भाग मोजके आहेत आणि प्रत्येकाचं काम डोळ्यांना दिसतं.

छतावरच्या टाकीतून येणारं पाणी भिंतीतल्या अँगल कॉकमधून कनेक्शन पाइपने फ्लशच्या टाकीत चढतं. तिथे त्याला बॉल कॉक भेटतो. बॉल कॉकला एक फुगा असतो. जुन्या टाक्यांत लांब दांडीच्या टोकाला गोळा, नव्यांत उभ्या नळीवर वरखाली सरकणारा डबा. पाणी चढेल तसा फुगा उचलला जातो, त्याची दांडी आतलं रबर तोंडावर दाबते आणि पाणी थांबतं. दुसरा भाग टाकीच्या मधोमध उभा असतो. दुकानात त्याला सायफन म्हणतात. बटण दाबलं की तो उचलला जातो, तळातलं दोन इंची भोक उघडं पडतं आणि साठलेलं पाणी एकदम कमोडमध्ये उतरतं. टाकी रिकामी झाली की सायफन आपल्या जागी बसतो. त्याच्या तळाला असलेला रबरी वायसर भोकाच्या काठावर टेकतो, आणि वर पाणी चढू लागलं की त्या पाण्याचाच भार त्याला दाबून धरतो.

हा भार फार मोठा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाकीत पाण्याची उंची पंचवीस सेंटिमीटर धरली आणि भोक पाच सेंटिमीटर व्यासाचं, तर वायसरवर येणारा एकूण दाब साधारण अर्धा किलो भरतो. अर्धा किलोच्या दाबाखाली क्षाराचा बारीकसा खडा चिरडला जात नाही. तो तसाच अडकून राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी झिरपतं. फ्लश गळण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका जागी सापडतं.

तिसरा भाग म्हणजे ओव्हरफ्लोची नळी. सायफनच्या मध्यातून वर आलेली ती पोकळ नळी. बॉल कॉक बंद व्हायला चुकला आणि पाणी वाढतच राहिलं, तर ते या नळीत शिरून गुपचूप कमोडमध्ये जातं. तुळजापूर तालुक्यातलंच नळदुर्ग ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय त्यांना ही रचना वेगळी समजावून द्यायला नको. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, तिथे किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि जादा पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांतून कोसळतं. जादा पाण्याची वाट आधीच ठरवून ठेवली की बांध टिकतो. टाकीतल्या नळीने बाथरूममध्ये पाणी साचत नाही ते याच कारणाने. तिचा एकच तोटा आहे: सांडव्यावरून पडणारं पाणी अख्खं गाव पाहायला जातं, नळीतून जाणारं पाणी कुणालाच दिसत नाही.

म्हणजे कमोडमध्ये पाणी सुरू राहिलं तर त्याला दोनच वाटा आहेत: तळातल्या वायसरखालून किंवा वरच्या नळीतून. दुरुस्ती पूर्ण वेगळी असल्यामुळे आधी वाट ओळखायची. पेन्सिलीची रेघ इथे पुन्हा कामी येते. अँगल कॉक बंद करून तासाभरात पातळी रेघेखाली उतरली, तर दोष तळाशी. पातळी जागची हलली नाही, पण अँगल कॉक उघडल्यावर पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढून आत पडू लागलं, तर दोष बॉल कॉकचा. गळती फारच बारीक असेल आणि रेघ काही सांगत नसेल, तर टाकीत कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. कमोडमधलं पाणी निळसर झालं तर शंका उरत नाही.

आधी तळाचा दोष घेऊ, कारण तुळजापुरासारख्या जड पाण्याच्या गावात तोच जास्त भेटतो. बोअरचं पाणी खडकातून येताना कॅल्शियमचे क्षार विरघळवून आणतं. पाणी टाकीत उभं राहिलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ते क्षार कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात बाहेर पडतात. तोच हा पांढरा, खरखरीत थर, जो नळाच्या तोटीला आणि पाणी तापवायच्या हिटरच्या कॉइलवर बसतो. वायसरखाली तो बसला की फ्लश गळायला लागतो.

अँगल कॉक बंद करा. हाताने फिरत नसेल तर पक्कड लावून जोर करू नका. क्षाराने आवळलेला कॉक मानेतून तुटला तर भिंत फोडायची वेळ येते. अशा वेळी छतावरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. मग फ्लश करून टाकी रिकामी करा. बटणाभोवतीची रिंग उलट्या दिशेने फिरवली की बहुतेक झाकणं सुटतात. झाकण चिनी मातीचं असेल तर ते कमोडच्या सीटवर ठेवू नका, जमिनीवर जुना टॉवेल पसरून त्यावर ठेवा. सायफनचा मधला भाग दोन हातांनी धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा दिला की तो सहसा सुटून वर येतो. काही टाक्यांत बाजूचे दोन खटके दाबावे लागतात. बळ लागतंय असं वाटलं की थांबून पुन्हा टॉर्च मारायचा, कुठेतरी खटका राहिलेला असतो.

सायफन उलटा केला की वायसर समोर येतो. त्याची कड अंगठ्याने सगळीकडून चाचपा. चांगला वायसर मऊ असतो, दाबला की परत उठतो, आणि त्याचा काळा रंग बोटाला लागत नाही. कड वाकडी झालेली, काठाचा ठसा खोल उमटलेला, किंवा रबर चिकट होऊन बोटं काळी करणारं असेल, तर तो बदलायलाच हवा. मग टाकीच्या तळाशी बोट घालून भोकाच्या काठावरून एक पूर्ण फेरी मारा. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे बोटाला कळतं. गुळगुळीत काठावर मध्येच एखादा खरखरीत तुकडा लागतो, आणि बऱ्याचदा वायसरवरची खूण नेमकी त्याच जागेची असते.

हा थर सुरीने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नये. काठावर चरे पडले की नवा वायसरही गळतो. किराणा दुकानात सायट्रिक अॅसिड मिळतं, म्हणजे लिंबूसत्त्व. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवा आणि सायफन, वायसर त्यात तास-दीड तास भिजत ठेवा. काठावर त्याच पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. क्षार विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो आहे. नंतर जुन्या टूथब्रशने घासलं की थर निघतो. फरशी धुण्याचं ते पिवळं अॅसिड मात्र टाकीत ओतू नका. ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. टाकीतले धातूचे बोल्ट आणि स्प्रिंगा खातं, आणि त्याची वाफ छातीत जाते. टीसीएल पावडर किंवा कुठलंही ब्लीच आणि अॅसिड एकत्र येऊ देणं तर जिवावरचं आहे, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद दाराच्या लहान संडासात तो वायू किती लवकर भरतो याची कल्पना घरातल्या प्रत्येकाला द्यायला हवी, विशेषतः जे सफाई करतात त्यांना. टाकीत टाकून ठेवायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनीही रबर लवकर कडक होतं.

वायसर सपाट असेल आणि नवा हाताशी नसेल, तर तो उलटा करून बसवा. न झिजलेली बाजू काठावर आली की काही दिवस काम भागतं. नवा आणताना जुना खिशात घालून न्या. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि जाडी, तिन्ही जुळायला हवं. टाकीच्या आतल्या भिंतीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, तेही टिपून घ्या. दुकानदार म्हणेल अख्खा सायफनच घ्या. सायफनचं प्लॅस्टिक तडकलेलं नसेल तर वायसरवर भागतं, आणि त्याची किंमत सायफनच्या मानाने किरकोळ असते.

वायसर धडधाकट आहे आणि तरीही गळतंय, असंही होतं. मग बटणाकडे पाहा. झाकणातून खाली येणाऱ्या दांड्या गरजेपेक्षा लांब ठेवल्या असतील तर झाकण बसवताक्षणी त्या सायफनला किंचित उचलून धरतात. झाकण काढलं की गळती थांबते आणि बसवलं की पुन्हा सुरू होते, ही त्याची खूण. दांड्यांना आटे असतात. दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राहील इतक्या त्या आखूड करायच्या.

आता वरची वाट. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल तर फुगा हाताने वर उचला. पाणी थांबलं तर बॉल कॉक ठीक आहे, फक्त फुग्याची पातळी चुकली आहे. दांडीवरचा स्क्रू फिरवून फुगा खाली आणा. पाणी नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंचावर थांबायला हवं. कित्येक टाक्यांत तशी खूण असते. गोळ्याचा फुगा असेल तर तो काढून कानाशी हलवून पाहा. आत पाणी खळखळलं तर तो फुटला आहे आणि नीट तरंगत नाही.

फुगा उचलूनही पाणी थांबत नसेल, तर बॉल कॉकच्या आत कचरा किंवा क्षार आहे. नव्या प्रकारच्या बॉल कॉकमध्ये रबराचा पातळ पडदा असतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पडद्यामागे पाणी जातं, तिथे दाब तयार होतो आणि तोच दाब पडदा मिटवतो. भोक क्षाराने बुजलं की दाब तयारच होत नाही, फुगा कितीही वर असो. पाणी बंद करून वरची टोपी पाव फेऱ्याने काढा, पडदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात धुवा, भोक टाचणीने न टोकरता फुंकर मारून मोकळं करा. टोपी बसवण्याआधी त्या उघड्या तोंडावर पेला उपडा धरून अँगल कॉक दोन सेकंद उघडा, नळीतली रेती निघून जाते. पावसाळ्यानंतर गढूळ पाणी येऊन गेलं की ही रेती हमखास सापडते. बॉल कॉकच्या बुडाशी, कनेक्शन पाइप जोडतो तिथे, एक छोटी जाळीही असते. टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर ती आधी काढून धुवा.

टाकी सावकाश भरण्याचं आणखी एक कारण घराच्या बांधणीत असतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब येतो. एकमजली घराच्या छतावरची टाकी फ्लशपासून तीन मीटरच वर असेल, तर दाब तिसऱ्या हिश्श्याइतकाही भरत नाही. जास्त दाबासाठी बनवलेला पडद्याचा बॉल कॉक अशा घरात रेंगाळत भरतो आणि कधी नीट मिटतही नाही. दुकानात सांगताना टाकी किती उंचावर आहे ते सांगा आणि कमी दाबाचा बॉल कॉक मागा. लांब दांडीचा जुना प्रकार अशा घरांत जास्त विश्वासाचा आहे, असं माझं मत आहे.

फ्लश गळत नाही, पण जोर नाही, ही तक्रार वेगळी. बादलीत पाच-सहा लिटर पाणी घ्या आणि कमोडमध्ये एका दमात ओता. सगळं सपकन निघून गेलं तर कमोड आणि पाइप मोकळे आहेत, दोष टाकीकडे: पातळी कमी आहे, सायफन पूर्ण उचलला जात नाही, किंवा कमोडच्या काठाखालची पाण्याची भोकं क्षाराने बुजली आहेत. लहान आरसा काठाखाली धरला की ती भोकं दिसतात. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या रात्रभर तिथे लावून ठेवा. बादलीचं पाणी उलट वर चढलं, तर टाकीला हात लावून उपयोग नाही. पुढचा पाइप तुंबला आहे किंवा सेप्टिक टँक भरला आहे. टँक उपसायला यंत्राची गाडी बोलवा. कुणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूने माणसं मरतात, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

पाणी वाचवायला टाकीत विटा ठेवणारे बरेच आहेत. वीट पाण्यात झिजते आणि तिची माती थेट वायसरखाली जाते. जुन्या दहा लिटरच्या टाकीत झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली, फुग्यापासून लांब, ठेवायला हरकत नाही. दोन बटणांच्या नव्या टाकीत तीही नको. ती मुळातच सहा आणि तीन लिटरवर बेतलेली असते. त्यातून पाणी कमी केलं की दोनदा फ्लश करावा लागतो.

फरशीवर पाणी येत असेल तर कनेक्शन पाइपचे दोन्ही नट कोरडे पुसून त्यांच्याखाली कागद धरा. या नटांच्या आत रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो, तिथे टेफ्लॉन गुंडाळून काही साधत नाही. टेफ्लॉन लागतो अँगल कॉक भिंतीत बसतो त्या आट्यांवर. टाकी कमोडला जोडणारे बोल्ट आवळताना दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे फिरवा. एकच बोल्ट कचकचून आवळला की चिनी माती तडकते.

भिंतीत लपवलेल्या टाकीचंही काम असंच चालतं, फक्त सगळे भाग बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून काढावे लागतात. पहिल्यांदा ते प्लंबरकडून करून घ्यावं आणि शेजारी उभं राहून पाहावं. जुन्या वाड्यांत अजून टिकलेल्या, साखळी ओढायच्या बिडाच्या उंच टाकीला तळाशी वायसरच नसतो. तिच्यातून पाणी सुरू राहिलं तर थेट बॉल कॉक पाहायचा.

ज्यांच्या घरी भाविक उतरतात त्यांनी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी प्रत्येक टाकीत पेन्सिलीची रेघ मारून ठेवावी. नवरात्रात आणि पुढे अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून पायी आलेल्या माणसांनी घर भरलं की एकेका संडासावर दिवसभरात कितीतरी माणसं येतात. तेव्हा दुरुस्तीला ना वेळ मिळतो ना प्लंबर. प्रत्येक मापाचा एक वायसर आणि एक बॉल कॉक घरात असू द्या. ऐन गर्दीत बॉल कॉक बिघडलाच, तर टाकीवर आडवी काठी ठेवा, फुगा वर ओढून सुतळीने तिला बांधा आणि शेजारी बादली-मग ठेवा. पाणी थांबतं, आणि पाहुणे गेल्यावर निवांत टोपी उघडता येते.